वेळापत्रकातील एक दिवस



शिक्षणसंस्थेचा सुवर्णमहोत्सव म्हटला की नवी इमारत, नवे सभागृह यांचा विचार प्रथम होतो. त्यात गैर काहीच नाही. तथापि शहरातील माध्यमिक शाळेची खरी पुनर्रचना भिंतींनी होत नाही, ती वेळापत्रकाने होते. विद्यार्थ्याचा वेळ शाळा कशासाठी खर्च करते, यावरूनच तिचे ध्येय ओळखता येते.

पर्यावरण विषयाचेच उदाहरण घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये मेहता खटल्यात पर्यावरणशिक्षण अनिवार्य करण्याचा निर्देश दिला व २००३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीचा पुन्हा आग्रह धरला. विषय आला, पुस्तक आले, गुणही आले. परंतु घरातील सांडपाणी कोठे जाते, हे प्रत्यक्ष पाहण्याची संधी विद्यार्थ्यास क्वचितच मिळाली. व्यवसाय मार्गदर्शनाची कथा याहून वेगळी नाही. दहावीच्या निकालाच्या सुमारास एखादे व्याख्यान होते आणि गुणांच्या उतरंडीप्रमाणे मुलांची वाटणी होते. हातांनी करावयाचे काम ज्याच्या वाट्यास येते, त्याला ते अपयशाची शिक्षा वाटते. कोवळ्या वयात मनावर उमटलेला हा शिक्का पुसणे फार कठीण असते.

हा प्रश्न नवा नाही. १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींनी उद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 'कमवा आणि शिका' हे तत्त्व रयत शिक्षण संस्थेतून आचरणात आणले. १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाने कार्यानुभव हे शिक्षणाचे अविभाज्य अंग मानले. मात्र पुष्कळ शाळांतून हा कार्यानुभव कागदी फुले व मेणबत्त्या यांपुरताच उरला.

या विचाराला शास्त्रीय बैठक देणारा प्रयोग पुणे जिल्ह्यातच झाला. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविलेले आणि हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम केलेले डॉ. श्रीनाथ कालबाग १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातील पाबळ या अवर्षणप्रवण गावी आले. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेच्या अंतर्गत त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. इयत्ता आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक दिवस प्रत्यक्ष काम करावे, अशी योजना त्यांनी आखली. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, शेती व पशुपालन असे तिचे चार विभाग होते. शिकविणारे निदेशक गावातलेच, ते काम स्वतः करणारे. मुलांनी वेल्डिंग करावे, विजेची जोडणी करावी, मातीचे परीक्षण करावे, रक्तातील हिमोग्लोबिन तपासावे. आणि ही सेवा गावाला मोबदला घेऊन द्यावी. पैसे देणारा ग्राहक कामातील चूक खपवून घेत नाही. त्यामुळे मोजमाप, अंदाजपत्रक व टापटीप हे गुण उपदेशावाचून अंगी बाणतात. माध्यमिक शिक्षण मंडळाने या अभ्यासक्रमास पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्यता दिली. २००२ मध्ये याच आश्रमात फॅब लॅब उभी राहिली. डॉ. कालबाग २००३ मध्ये निवर्तले. कार्य पुढे चालू राहिले.

शहरातील शाळेजवळ शेत नाही, गोठा नाही. मग पाबळचे अनुकरण तिने कसे करावे? नक्कल करण्याचे कारणच नाही, तत्त्व घ्यावे. परिसर हीच प्रयोगशाळा, आणि शहराचा परिसर महापालिकेच्या हद्दीवर संपत नाही. खडकवासला प्रकल्पाचे पाणी पुण्याला पुरविले जाते, तसेच ते कालव्याने हवेली, दौंड व इंदापूरच्या शेतीलाही जाते. पुण्याने वापरलेले पाणी मुळा-मुठेतून पूर्वेस वाहते व रांजणगाव सांडसजवळ भीमेस मिळते. पुणे-सोलापूर महामार्गावरील यवतजवळचे कासुर्डी हे गाव याच दौंड तालुक्यातील. पुण्यातील एखाद्या शाळेने कासुर्डीसारख्या गावातील शाळेशी स्नेह जोडला, तर एकाच पाण्याचे दोन टोकांना परीक्षण होऊ शकेल. शहरातील मुलांनी सांडपाण्याचे नमुने तपासावेत, गावातील मुलांनी विहिरीचे व नदीचे. विरघळलेला प्राणवायू कमी का झाला, नत्र व स्फुरद वाढले की जलपर्णी का फोफावते, हे रसायनशास्त्र त्या नोंदवहीतून जितके कळेल, तितके फळ्यावरून कळणार नाही.

याच नोंदवहीतून व्यवसायांची ओळखही होते. पाण्यामागे प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ उभा असतो, शुद्धीकरण केंद्राचा चालक असतो, नळजोडणी करणारा कारागीर, पंप दुरुस्त करणारा, हिशेब ठेवणारा आणि नियम करणाराही असतो. यांतील काहींना शाळेत निदेशक म्हणून सन्मानाने बोलवावे. अभियंता व कारागीर एकाच व्यासपीठावर दिसले, म्हणजे श्रमप्रतिष्ठेवर स्वतंत्र व्याख्यान द्यावे लागत नाही. शाळेचे वीजबिल, छतावरचे पावसाचे पाणी, मधल्या सुट्टीतील ओला कचरा हेही अभ्यासाचे विषय व्हावेत. दुरुस्तीची कामे शिक्षकांच्या देखरेखीखाली मुलांनी करावीत.

पालकांच्या मनात एक रास्त शंका येईल: आठवड्याचा एक दिवस गेला तर दहावीच्या गुणांचे काय? ही शंका थट्टेवारी नेऊ नये. ज्या घरात एका मुलाच्या निकालावर साऱ्या कुटुंबाची आशा असते, तेथे गुण हा चैनीचा विषय नसतो. म्हणून पुनर्रचना आठवीपासून, एका तुकडीपासून सुरू व्हावी आणि तिचे परिणाम पालकांसमोर प्रांजळपणे मांडावेत. गणितातील प्रमाण व विज्ञानातील विद्युत् हे पाठ त्याच दिवशी कामातून शिकविले, तर तो दिवस अभ्यासातून वजा होत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या काळात दहा दप्तरविरहित दिवस आणि व्यवसायाचा अनुभव सुचविला आहे. धोरणाने दार उघडले आहे. आत पाऊल संस्थेने टाकावयाचे आहे.

इमारतीस देणगीदार मिळतात, कोनशिलेवर नावे कोरली जातात. वेळापत्रकातील मोकळ्या केलेल्या एका दिवसावर कोणाचे नाव कोरता येत नाही. तथापि आपले हात निरुपयोगी नाहीत, हे एखाद्या चौदा वर्षांच्या मुलाला त्या दिवशी उमगले, तर सुवर्णमहोत्सवी वर्षातील याहून मोठे दान कोणते?