शाळेतले बीजगणित कोठवर जाते?

(मंडळाच्या वर्धापनदिनी पोंभुर्णा येथे केलेले भाषण)



गेल्या हळदीकुंकवाला एका भगिनीने मला विचारले, "बाई, मुलगी गणित घेईन म्हणते. पोरीच्या जातीला त्याचा काय उपयोग?" वाण देण्याघेण्याच्या गडबडीत उत्तर राहून गेले. ते आज देते.

चार त्रिक बारा आणि तीन चोक बारा. अदलाबदल केली तरी गुणाकार तोच. याला क्रमनिरपेक्षता म्हणतात. सगळीकडे असे चालत नाही. तांदूळ धुऊन शिजवणे आणि शिजवून धुणे यांतला फरक तुम्हांला मी सांगायला नको! पण जेथे ही अदलाबदल चालते, तेथले एक मोठे शास्त्र झाले आहे. त्याचे नाव क्रमनिरपेक्ष बीजगणित.

या शास्त्रात आणि त्याला लागून असलेल्या बैजिक भूमितीत जगभर नाव मिळवणारा एक मराठी माणूस म्हणजे श्रीराम शंकर अभ्यंकर. जन्म १९३० चा, उज्जैनचा. वडील गणिताचे प्राध्यापक. मुंबईच्या विज्ञान संस्थेतून १९५१ मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेत हार्वर्डला गेले. तेथे ऑस्कर झारिस्की हे त्यांना गुरू लाभले.

त्यांनी कोणता प्रश्न हाती घेतला? आपल्याकडची बांबूची काडी वाकवून उन्हात धरा. काडी स्वतःला कोठेच शिवत नाही, पण भिंतीवरच्या तिच्या सावलीत मात्र फुली दिसते. समीकरणांतून निघणाऱ्या आकृत्यांतही अशा फुल्या आणि टोके येतात. ती सावली ज्या गुळगुळीत काडीची आहे ती काडी शोधून काढायची, हा तो प्रश्न. नेहमीच्या संख्यांच्या गणितात झारिस्कींनी पृष्ठभागांसाठी तो सोडवला होता. पण दुसरेही एक गणित आहे, वारांच्या मोजणीसारखे. सोमवारपासून सात दिवस मोजले की पुन्हा सोमवार; म्हणजे तेथे सात आणि शून्य एकच. या गणितात जुनी रीत चालेना. अभ्यंकरांनी तेथेही पृष्ठभागांची गाठ सोडवली आणि १९५५ मध्ये डॉक्टरेट मिळवली. वय होते अवघे पंचवीस. त्याहून अवघड अशा तीन मितींच्या आकृत्यांसाठी त्यांनी १९६६ च्या ग्रंथात वाट काढली. फक्त दोन, तीन आणि पाच या संख्यांची गणिते तेवढी बाकी राहिली.

पुढे पर्ड्यू विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षे शिकवले. १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. २०१२ मध्ये ते वारले. एवढा मोठा माणूस, पण शाळेतल्या बीजगणिताची बाजू घेऊन भांडत असे. समीकरणे मांडा, हाताने सोडवून पाहा, यावर त्यांचा भर असे. म्हणजे आपल्या मुलींच्या वहीत जे आहे, तेच!

कोणी म्हणेल, ते पुरुष, त्यात प्राध्यापकाचे चिरंजीव. तर ऐका. ज्यांनी या शास्त्राचा पाया घातला त्यांत एमी नोएथर ही जर्मन बाई अग्रभागी होती. बाई म्हणून तिला विद्यापीठात जागा मिळेना. कित्येक वर्षे तिने बिनपगारी शिकवले, तेही दुसऱ्या प्राध्यापकाच्या नावावर. तिचा १९२१ चा निबंध आजही या शास्त्राचा आधार आहे. १९३३ मध्ये ज्यू म्हणून तिला काढून टाकले, तरी तिने गणित सोडले नाही.

आणि आपल्याच देशातल्या नीना गुप्ता. तराजूच्या दोन्ही पारड्यांतून सारखीच पोतडी काढली तर पारडी समतोल राहतात, हे आपण बाजारात रोज पाहतो. आकृत्यांचेही असेच असते काय, अशा तऱ्हेचा एक प्रश्न झारिस्कींच्या नावाने प्रसिद्ध होता. नीनाबाईंनी २०१४ मध्ये दाखवून दिले की त्या वारांसारख्या गणितात, तीन मितींत, तसे नेहमी होत नाही. २०२१ चे रामानुजन पारितोषिक त्यांना मिळाले.

आता माझे थोडे. मलाही गणित घेऊन पुढे शिकायचे होते. चंद्रपूर लांब, मुलीला एकटी कशी ठेवायची, म्हणून राहिले. कोणी वाईट चिंतले नाही. पण वही मात्र बंद झाली. आज शाळेत शिकवते, तेव्हा फळ्याशी धिटाईने उभी राहणारी मुलगी पाहिली की ती वही आठवते.

तर भगिनींनो, उपयोग कोणता, हे आज मी सांगू शकत नाही. नोएथरबाईंनाही कोणी सांगू शकले नसते. एवढेच मागते, की मुलीचे गणित बंद करण्याचे कारण गणित अवघड हे असू द्या, ती मुलगी आहे हे नको. आणि ते अवघड आहे की नाही, हे तिलाच ठरवू द्या.