माझ्या स्वप्नातली गाडी

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीच्या ताईंनी मला विषय दिला, ‘माझ्या स्वप्नातल्या जुन्या गाड्या’. विषय देताना त्या गालातल्या गालात हसत होत्या. का हसत होत्या ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. बी विंगच्या जिन्यासमोर, निळ्या ताडपत्रीखाली, गेली नऊ वर्षं जी वस्तू उभी आहे ती माझी आहे. तिच्यावर मी शेवटी येतोच. पळून जाणार नाही. तीही जाणार नाही, तिच्या चाकांत हवा नाही.

जुन्या गाड्यांचं वेड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस येतात. अहमदाबादजवळ कठवाड्याला ऑटो वर्ल्ड नावाचं मोठं खाजगी संग्रहालय आहे. रोल्स, बेंटली, डेमलर, लगोंडा, सगळ्या ओळीने उभ्या. मुलीकडे गेलो होतो तेव्हा पाहून आलो. डोळ्यांचं पारणं फिटलं, पण खरं सांगू का, एकीलाही घरी न्यावंसं वाटलं नाही. तिच्यात बसायला आधी फेटा बांधावा लागेल असं वाटत राहिलं.

आता समोर बसलेल्या चिमण्या मंडळींसाठी एक गंमत. १९१० साली कलकत्त्यात एका इंग्रज इंजिनिअरने इंग्लंडमधल्या ब्रूक कंपनीकडून चक्क हंसाच्या आकाराची मोटार बनवून घेतली होती. लांब मान, चोच, पिसं, सगळं. चोचीतून गरम पाण्याचा फवारा उडायचा. आणि मागून, हंस जे करतो ते करण्यासाठी, चुना टाकायची सोय होती! रस्त्यावर इतकी घबराट झाली की पोलिसांनी ती बंद करायला लावली. पुढे ती नाभाच्या महाराजांकडे गेली आणि आज नेदरलँड्समध्ये, हेग शहरातल्या संग्रहालयात आहे. म्हणजे बघा, चुना टाकणारा हंससुद्धा शंभर वर्षं जपला गेला. कारण तो राजाच्या पागेत होता.

आमचा फार्गो नाही जपला गेला.

फार्गो म्हणजे ट्रक. तरुण मंडळींनी नावही ऐकलं नसेल. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा केला आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने तिथे गाड्या जोडायला सुरुवात झाली. त्यातच डॉज आणि फार्गो हे ट्रक. दोन्ही जवळजवळ एकच, फक्त नाव वेगळं, जुळ्या भावांसारखे. पुढे लांब नाक, म्हणजे बॉनेट, आणि त्याच्या दोन बाजूंना गोल दिवे.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, कोल्हापूरच्या एका मालकाच्या फार्गोवर ड्रायव्हर होते. कोल्हापूरहून गुळाचे रवे भरायचे आणि पुण्याला भवानी पेठेत उतरवायचे. वाटेत दोन घाट, खंबाटकी आणि कात्रज. मे महिन्याच्या सुट्टीत आबा मला बरोबर न्यायचे. मी सात-आठ वर्षांचा. केबिनमध्ये इंजिनाची धग, गुळाचा वास आणि डिझेलचा वास एकत्र. अजूनही कोणी गूळ चिरायला घेतला की मला खंबाटकी दिसते.

घाटात गिअर बदलायचा म्हणजे डबल क्लच. क्लच दाबा, गिअर न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, ॲक्सिलरेटरला एक ठोसा द्या, परत क्लच दाबा आणि मग खालचा गिअर टाका. चुकलं तर खालून असा आवाज यायचा की मागे बसलेला क्लीनर आईची आठवण काढायचा. आबांचा मी कधी चुकताना ऐकला नाही. चढावर गाडी दमली की क्लीनर लाकडाचा ठोकळा घेऊन उडी मारायचा आणि मागच्या चाकाला लावायचा. मग रेडिएटरला पाणी, आबांना बिडी, मला गुळाचा खडा.

पण गंमत अशी की आबांच्या स्वप्नात फार्गो नव्हताच. त्यांच्या स्वप्नात होती तारेवाली. १९५४ मध्ये टाटांनी जमशेदपूरला जर्मनीच्या डेमलर-बेंझबरोबर ट्रक काढायला सुरुवात केली. त्या ट्रकांच्या पुढे मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असायचा. पंधरा वर्षांनी, १९६९ मध्ये, तो करार संपला आणि ताऱ्याच्या जागी टाटांचा टी आला. घाटात अशी एखादी गाडी आम्हाला मागे टाकून गेली की आबा मान वळवून बघत राहायचे. “बघ, बघ. गानं म्हनत चढती! आमची ही म्हातारी, खोकत चढती.”

मालकाने शेवटी तारेवाली घेतली. आबांना वाटलं, आता आपला नंबर. पण तोवर आबांच्या डोळ्यांना रात्री समोरच्या दिव्यांचा त्रास व्हायला लागला होता. मालकाने नवी गाडी दुसऱ्या, तरुण ड्रायव्हरच्या हातात दिली. मालकाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. माल त्याचा, गाडी त्याची. आबा पुढे दोन वर्षं फार्गोच चालवत राहिले, मग घरी बसले. आणि फार्गो भंगारात गेला. ट्रकचं हे असंच असतं. राजाची गाडी वर्षातून चार वेळा बाहेर निघते, म्हणून टिकते. ट्रक रोज राबतो, झिजतो, आणि शेवटी गॅसने कापून किलोवर विकला जातो. रॅलीला गाड्या पन्नास येतात, जुना ट्रक दिसला तर नशीब.

म्हणून कोणी मला विचारलं की काका, जगातली कुठलीही जुनी गाडी मिळाली तर कोणती घ्याल, तर मी म्हणेन, फार्गो. ठेवणार कुठे, हे मात्र कृपया विचारू नका. अठ्ठेचाळीस फ्लॅट आणि तीस पार्किंग असलेल्या संस्थेत हा प्रश्न विचारणं बरं नव्हे.

आता येतो ताडपत्रीवर.

ती १९६७ ची फियाट ११०० डिलाइट आहे. तीही कुर्ल्याचीच, म्हणजे नात्याने फार्गोची धाकटी बहीण. याच कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० निघायला लागली. पहिल्या मॉडेलला लोक प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हणायचे. मग डिलाइट, मग प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. इंजिन तेच, १०८९ सीसी. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. त्या दिवशी बातमी बघताना सौ. म्हणाली, “तुमची मात्र आपल्या दारात आहे हो अजून.” त्यात कौतुक होतं की टोमणा, ते मला अजून कळलेलं नाही.

ही गाडी मी १९८६ मध्ये सेकंडहँड घेतली आणि दाखवायला आबांना घेऊन पुण्याहून गावी निघालो. मे महिना. खंबाटकीत गाडी बंद पडली. उन्हाने पेट्रोल पंप तापला की पेट्रोलची वाफ होते आणि इंजिनापर्यंत काही पोचत नाही. मी बॉनेट उघडून घाबरून उभा. आबांनी डोक्याचा पटका सोडला, पाण्यात भिजवला आणि पंपावर गुंडाळला. दहा मिनिटांनी गाडी चालू. मग मला म्हणाले, “सरक तिकडं.” अडुसष्ट वर्षांचा माणूस, चौदा वर्षांनी स्टिअरिंगवर बसला. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला बघून म्हणाले, “ह्यो वर कशाला टांगलाय?” आणि घाटमाथ्यापर्यंत प्रत्येक गिअर डबल क्लच करून टाकला. त्या गाडीला एवढी गरज नसते. मी काही बोललो नाही. वर पोचल्यावर त्यांनी बोनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, “ही बी गानं म्हनती की रं.”

त्यानंतर आबांनी गाडी चालवली नाही.

मागच्या सर्वसाधारण सभेत ठराव झाला की वर्षभर न हललेली वाहनं दिवाळीपर्यंत आवारातून काढावीत. ठराव योग्य आहे. मी स्वतः हात वर केला होता, इतिवृत्तात बघा. तिची नोंदणी संपली, ती मी वेळेत केली नाही, हा माझाच आळस. मांजरीने तिच्यात तीन बाळंतपणं केली, ती माझ्या नावावर घालू नयेत एवढीच विनंती.

पण २०२१ मध्ये केंद्र सरकारने एक नियम काढलाय. पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची. रोज भाजी आणायला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल, एवढ्यासाठीच. मला तेवढं पुरे. तिने भाजी पुष्कळ आणलीय.

आपल्या ए विंगमधला एक मुलगा आयटीआयला मोटार मेकॅनिकचं शिकतो. नाव सांगत नाही, त्याची आई म्हणेल अभ्यास सोडून हेच करतो. गेला महिनाभर तो संध्याकाळी येतो. आम्ही कार्बोरेटर खोलून साफ केला, पॉइंट घासले, टाकीतला गंज काढला. परवा रात्री नऊला ती चालू झाली. दोन मिनिटं. ज्यांची झोपमोड झाली त्यांची इथे जाहीर माफी मागतो. ब्रेक मात्र अजून धरत नाहीत, त्यामुळे गॅरेजपर्यंत तिला टेंपोवर चढवून न्यावं लागणार आहे.

टेंपो येत्या रविवारी सकाळी सात वाजता येतोय. ढकलायला निदान सहा माणसं लागतील. चहा माझ्याकडे. आणि त्या मुलाला मी डबल क्लच शिकवणार आहे, त्याच्या आईने परवानगी दिली तर.