शेतराखणीची पहिली बंदूक



भात पोटरीला आले की कोकणातल्या शेतकऱ्याची झोप उडते. रात्री डुकरांचा कळप शेतात उतरतो आणि चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत तुडवून जातो. सकाळी बांधावर उभा राहून धनी म्हणतो, "आता बंदूक घेतल्याशिवाय गत्यंतर नाही." गाठीला पैसे थोडे, आणि बंदुकीची माहिती त्याहूनही थोडी. अशा माणसाने पहिली बंदूक कोणती घ्यावी, हे आज पाहू.

आधी कायद्याचे दोन शब्द. हौशी शिकारीचे दिवस आपल्याकडे संपले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ससा, भेकर, मोर यांच्यावर बार टाकणे हा गुन्हा आहे. रानडुक्कर उभे पीक खात असले, तरी त्याला मारायला वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. बंदुकीचा परवाना वेगळा आणि ही परवानगी वेगळी. एक खिशात आहे म्हणून दुसरी मिळाली असे होत नाही, बरं का!

पुष्कळ तरुण विचारतात, "रायफल का नको? नेम चांगला लागतो." १९५९ च्या शस्त्र कायद्यात याचे उत्तर आहे. पीक राखण्यासाठी कायदा ठासणीची बंदूक सांगतो. ती पुरी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचा परवाना देता येतो. रायफलीचे नावच नाही, आणि ते योग्यही आहे. अगदी लहान, पॉइंट बावीसच्या रायफलीची गोळीसुद्धा सुटली तर दीड मैलापर्यंत जाऊ शकते. आपल्याकडे दीड मैलात तीन वाड्या, शाळा आणि देऊळ येते. छर्ऱ्याचा जोर मात्र लवकर ओसरतो.

तेव्हा निवड उरते ती ठासणीची, काडतुसाची एकनळी आणि दुनळी यांच्यात.

ठासणीची बंदूक सर्वांत स्वस्त. पण तिचे दोन दोष ध्यानात घ्या. पावसाळी हवेत दारू सर्दावते आणि ऐन वेळी नुसती केप वाजते. हा दोष लहान. मोठा दोष असा की, एकदा भरलेली बंदूक बार काढल्याखेरीज सहजासहजी रिकामी होत नाही. रात्री जनावर आले नाही, तर धनी ती तशीच घरी आणतो आणि खुंटीला टांगतो. ती भरलेली आहे की रिकामी, हे पाहून कळत नाही. मग एके दिवशी मुलाच्या हाताला चाप लागतो. शिवाय दारू मुठीच्या अंदाजाने ओतण्याची सवय अनेकांना असते, आणि जास्त दारूने नळी फुटते. ठासणीचीच घ्यायची असेल, तर दारूचे माप ठरवून ठेवा आणि काळ्या दारूखेरीज दुसरी दारू तिला दाखवू नका.

काडतुसाची एकनळी मधोमध मोडते. मोडली की नळी आरपार दिसते. काडतूस काढून खिशात टाकले की काम झाले. माझे सांगणे एवढेच आहे : पहिली बंदूक अशी घ्या, की ती रिकामी आहे हे कोणालाही डोळ्यांनी दिसेल. चार पैसे जास्त गेले तरी चालतील. दुनळीत दुसरा बार हाताशी असतो हे खरे, पण तिची किंमत जास्त आणि वजनही जास्त. नवशिक्याला एकनळी पुरते. एकच बार आहे म्हटल्यावर माणूस नीट पाहून चाप ओढतो.

बोअर बाराच घ्या. तिची काडतुसे सहज मिळतात. मुंगेरच्या परवानाधारक कारखान्यांत साध्या एकनळी बंदुका तयार होतात. जुनी घेतली तर आणखी स्वस्त पडेल, पण ती पारखून घ्या. आधी मोडून ती रिकामी असल्याची खात्री करा. नळीतून उजेडाकडे पाहा. आत गंजाचे खड्डे, पोचा किंवा फुगल्याचे कडे दिसले, तर पाठ फिरवा. मिटवून हलवा, सांधा खुळखुळता कामा नये. घोडा चढवून अंगठ्याने पुढे ढकला. चापाला हात न लावता तो पडला, तर फुकट मिळाली तरी ती घेऊ नका. काडतुसाच्या घराची लांबी कारागिराकडून मोजून घ्या. ६५ मिलिमीटरच्या घरात ७० मिलिमीटरचे काडतूस बसते खरे, पण उडताना त्याचे तोंड उघडायला जागा राहत नाही. दाब वाढतो आणि बंदूक दगा देते.

सौदा तोंडी करू नका. विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबायचे असते. घेणाऱ्याकडे परवाना हवा, आणि बंदुकीवरचा नंबर कागदांशी अक्षरशः जुळला पाहिजे.

आता पैशांची वाटणी. सगळी रक्कम बंदुकीवर उधळू नका. काही भाग काडतुसांना, काही कुलपाच्या पेटीला, गजाला आणि तेलाला ठेवा. चांगल्या बॅटरीसाठी तर हात आखडूच नका. डुक्कर समजून माणसावर बार टाकल्याच्या बातम्या आपण वाचतो. मेलेला माणूस बहुधा शेजारचाच असतो. तोही आपलेच पीक राखायला बसलेला असतो. झुडूप हलले म्हणून बार टाकू नका, आवाज आला म्हणूनही टाकू नका. डोके, अंग आणि पाय उजेडात ओळखले, मागे काय आहे ते पाहिले, तरच चाप.

गुरुजींना एक विनंती आहे. परवान्यावरच्या अटी पुष्कळ शेतकरी वाचत नाहीत. संध्याकाळी पारावर त्या एकदा वाचून दाखवा. आणि मुलांना सांगा, की घरातली बंदूक दिसली तर हात लावायचा नाही, मोठ्या माणसाला बोलवायचे.

आणि शेतकरीदादा, पहाटे शेतातून परतताना उंबऱ्याबाहेर थांबा. बंदूक मोडा, काडतूस काढा, नळीतून आभाळ पाहा आणि मगच घरात पाऊल टाका. पीक पुन्हा पेरता येते. घरचे माणूस गेले तर ते पुन्हा येत नाही.