भय वटवाघळाचे, घात कुत्र्याचा
(मिरजगाव येथील बैठकीतील भाषण)



वडा-चिंचेला लटकलेली वटवाघळे आणि जुन्या वाड्याच्या आढ्यातल्या पाकोळ्या आपल्या कर्जत तालुक्याला नव्या नाहीत. भय मात्र नवे आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने 2020 साली महाबळेश्वरच्या गुहेत पकडलेल्या वटवाघळांत निपाह विषाणूच्या खुणा सापडल्या. 2021 साली ती बातमी छापून आली. तेव्हापासून लोक विचारतात, वटवाघळामुळे माणूस पिसाळतो का? झाड तोडावे का?

आपण शेतकरी, हिशेब मांडून बोलू. वटवाघूळ चावून रेबीज होऊ शकतो. अमेरिका खंडात तो होतो. रक्त पिणारी वटवाघळेही तिकडचीच, आपल्याकडे ती नाहीत. ऑस्ट्रेलियात फळे खाणाऱ्या वटवाघळांत रेबीजच्या जातीचा विषाणू 1996 साली सापडला. त्याने आजवर मोजकी माणसे दगावली. आपल्याकडे ही गोष्ट अतिशय विरळ. आता दुसरी बाजू पाहा. 2022-23 मधल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा, की वर्षाला जनावरे चावण्याचे सुमारे 91 लाख प्रकार होतात, त्यांतले तीन चतुर्थांश कुत्र्यांचे, आणि रेबीजने सुमारे 5,700 माणसे मरतात. घात कुत्र्याच्या दातात आहे आणि आपण दगड मारतो वटवाघळाला!

बरे, वटवाघूळ गेले तर नुकसान कोणाचे? पाकोळ्या रात्रभर किडे आणि पतंग खातात. बोंडअळीचा पतंगही रात्रीच उडतो. 2017 साली गुलाबी बोंडअळीने कपाशीचे काय केले ते विसरलात काय? टेक्सासच्या आठ जिल्ह्यांतल्या कापसाचा हिशेब तिथल्या अभ्यासकांनी 2006 साली मांडला. वटवाघळांमुळे वाचलेले पीक आणि फवारणी यांची किंमत वर्षाला सुमारे 7 लाख 40 हजार डॉलर निघाली. आपल्याकडे असा हिशेब कोण मांडणार? निदान फुकटचा राखणदार तरी हाकलू नका.

फक्त पथ्य पाळा. जमिनीवर पडलेले वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नका. पोरांना आजच सांगून ठेवा. त्याचे दात बारीक, जखम दिसतही नाही. चावले किंवा ओरखडले तर कुत्र्याच्या चाव्याइतकेच गंभीर समजा.

गाय-बैल लाळ गाळतो, विचित्र हंबरतो, गिळत नाही. घशात काही अडकले म्हणून आपण तोंडात हात घालतो. थांबा! तो रेबीज असू शकतो. आधी पशुवैद्याला बोलवा.

चावा झाला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवा. मिरचीपूड, चुना, हळद लावू नका, टाके घालण्याची घाई करू नका, उताऱ्यात दिवस घालवू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. पोटातली 14 इंजेक्शने 2004-05 सालीच बंद झाली. आता दंडाच्या कातडीत पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी लस देतात. रक्त आले असेल तर जखमेत सीरमही लागते. दोन सुया घेतल्या, बरे वाटले, ज्वारीची काढणी आली म्हणून पुढच्या चुकवू नका. रोग आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उठतो. पाण्याची भीती दिसू लागली की औषध उरत नाही.

आमची मागणी साधी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात लस हवी आणि सीरमही हवे. सीरमसाठी अहिल्यानगरला जा म्हणणे म्हणजे मजुराची दोन दिवसांची रोजी बुडवणे. मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण 2023 च्या नियमांनी स्थानिक संस्थांवर सोपवले आहे. तेव्हा येत्या ग्रामसभेत हे दोन ठराव मांडा, लेखी उत्तर मागा, आणि पाळीव कुत्र्याला लस आपण स्वतः टोचून आणा.