अंगणातली मधुमालती



चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'मधुमालती' असे सांगितले आणि ते क्षणभर गप्पच झाले. युनियनच्या माणसाने किमान वेतनावर बोलावे, अशी त्यांची अपेक्षा असावी. माझे शिक्षण सातवीपुढे गेले नाही. झाडाझुडपांचे जे काही कळते ते थोडे वाचनालयातल्या पुस्तकांनी शिकवले आणि बरेचसे बिड्या वळणाऱ्या बायांनी. तेव्हा बोलता बोलता वेल कुठे संपली आणि मजुरी कुठे सुरू झाली ह्याचा घोटाळा झाला, तर सांभाळून घ्या.

आपल्या गोंदिया भागात बिडीचे काम बहुतेक घरीच चालते. बाई रात्री तेंदूची पाने भिजवून ठेवते, सकाळी फर्मा ठेवून ती कातरते, आणि मांडीवर सूप घेऊन दिवसभर बिड्या वळते. हजारामागे मजुरी. १९६६ साली बिडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, त्याने घरी बसून वळणारीलाही कामगार म्हटले. पण तिचा कारखाना म्हणजे तिचे अंगण, आणि त्या कारखान्याचे छप्पर कसे असावे ह्याची चौकशी करायला कोणी आले नाही. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा ती बसते कुठे?

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी कामगारांच्या घरांसाठी आम्ही मागण्यांचा मसुदा करीत होतो. एक वयस्क बाई म्हणाली, "भाऊ, दारापुढे मांडवापुरती माती सोडा म्हणून लिहा ना. मला वेल लावायची आहे." मी लिहिले, आणि रात्री मसुदा नीट उतरून काढताना ती ओळ खोडली. वाटले, साहेब लोक हसतील, आणि मग बाकीच्या मागण्याही हसण्यावारी जातील. घरे झाली. दारापर्यंत सिमेंट आणि वर टिनाचे पत्रे. पहिल्याच उन्हाळ्यात तीच बाई ओसरीत सुपावर वाकलेली असतानाच भोवळ येऊन पडली. जगली, पण पंधरा दिवस हात चालला नाही. वळलेली बिडी नाही तर मजुरीही नाही.

ती उठून बसू लागल्यावर मी घण घेऊन गेलो आणि तिच्या दारापुढचे सिमेंट दीड हात लांब, दीड हात रुंद फोडले. त्या खड्ड्यात पहिली मधुमालती लागली.

मधुमालतीच का, हे सांगायला हवे. जाई-जुई नाजूक, गोकर्णाची सावली विरळ. मधुमालती एकदा रुजली की हटत नाही. पत्रा ऊन पिऊन तापतो आणि ते खाली ओततो. पान मात्र पाणी वाफेवाटे सोडते आणि स्वतः फारसे तापत नाही. शिवाय ही वेल आपल्या जंगलाच्या नात्यातली आहे. नवेगाव-नागझिऱ्याच्या वाटेवरचे ऐन, धावडा, हिरडा, बेहडा आणि नाल्याकाठचा अर्जुन, हे सगळे हिच्याच कुळातले. शाकुंतलातला माधवीमंडप मात्र हिचा नव्हे, माधवी निराळी. नावाच्या सारखेपणाने पुष्कळजण फसतात, मीही फसलो होतो.

जमिनीचे म्हणाल तर कन्हार चिकट असते, पाणी धरून बसते, तिथे मुळ्या कुजतात. सिहार किंवा बर्डी असेल तर शेणखत भरपूर घाला. खड्ड्यात राईस मिलचे धानाचे तूस मिसळले की माती भुसभुशीत राहते. बुडाशी तेंदूच्या पानांचे कातरण पसरा. एरवी ते चुलीतच जाते. ओल टिकते, उन्हाळ्यातले पाणी वाचते. भिंतीपासून दोन हात तरी दूर लावा, कारण हिचे फुटवे वाटेल तिथून वर येतात.

लावल्यावर घाई करू नका. सुरुवातीचे काही महिने ती चढतच नाही, झुडपासारखी उभी राहते. आमच्या बाया म्हणाल्या, "भाऊ, फसवलं तुम्हाला, हे तर झुडूप निघालं!" मग एकाएकी लांब फांद्या सुटतात आणि पानांचे गळून उरलेले देठ आकड्यासारखे अडकवीत ती वर जाते. ह्या रूपपालटाने भल्याभल्यांना कोड्यात टाकले. सतराव्या शतकात अंबोन बेटावर डच कंपनीच्या नोकरीत रंफियस नावाचा वनस्पतींचा अभ्यासक होता. त्याने हिला दिलेल्या लॅटिन नावाचा अर्थच मुळी 'कोण? कशी?' असा होतो. तो १६७० साली आंधळा झाला, तरी त्याने ग्रंथाचे काम सोडले नाही. तो ग्रंथ छापला गेला त्याच्या मृत्यूनंतर चाळीसेक वर्षांनी. लिनिअसने १७६२ साली तेच नाव शास्त्रात घेतले.

फूल संध्याकाळी उमलते ते पांढरे. दुसऱ्या दिवशी गुलाबी, तिसऱ्या दिवशी लाल. म्हणून एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. पांढऱ्या फुलाच्या लांब नळीतला मध प्यायला अंधारात मोठे पतंग येतात. ज्या बाईच्या कामाला भोंगा नाही, तिच्या अंगणात दिवस मावळला हे आता वासाने कळते. ती लगेच सूप खाली ठेवते असे मात्र समजू नका. हजार पुरे व्हायचे असतात.

छाटणीचा आळस नको. वेल जाड होते, जड होते, कवेलूंखाली शिरून ती उचलते आणि पावसाळ्यात घर गळते. मांडव चांगल्या पक्क्या बांबूचा घाला. थंडी सरता सरता छाटा. फुले नव्या फुटीवरच येतात. मावा पडला तर तंबाखूची भुकटी पाण्यात उकळून शिंपडतात. पण ते विष आहे, पोरांपासून दूर ठेवा, हात धुवा. आमच्या बायांना तंबाखूचा त्रास आधीच पुष्कळ आहे, म्हणून मी नुसते साबणाचे पाणीच सांगतो.

बी आपल्याकडे क्वचितच धरते. फुटवा मुळासकट काढा, नाहीतर फांदी मातीत दाबून ठेवा. त्या पहिल्या वेलीचे फुटवे आज ओळीतल्या बहुतेक दारांत आहेत. घरांच्या पुढच्या मागणीपत्रात मातीची ओळ आहे, आणि ह्या वेळी ती तिसऱ्या क्रमांकावर आहे. तिला अजून उत्तर आलेले नाही.

सभागृहाच्या दाराशी ओल्या पोत्यात गुंडाळलेले बारा फुटवे ठेवले आहेत. ज्यांना हवे त्यांनी जाताना न्यावे. मृग लागेपर्यंत डब्यात, सावलीत ठेवा. ह्या उन्हात जमिनीत लावू नका.