दुर्मिळ रुग्ण, नेहमीचे धडे

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत एका ज्येष्ठ शल्यचिकित्सकांनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



'शस्त्रक्रियेतील दुर्मिळ व विलक्षण अनुभव' या विषयावर मी बोलावे, अशी संयोजकांची इच्छा आहे. असा विषय निघाला की श्रोत्यांना चमत्काराची अपेक्षा असते. पोटातून काय निघाले, किती वजनाचे निघाले, हे ऐकण्याची उत्सुकता मी समजू शकतो. परंतु सुरुवातीसच एक गोष्ट नम्रपणे सांगतो. दुर्मिळ हा शब्द डॉक्टरांच्या वहीतला आहे. ज्याला तो आजार झालेला असतो, त्याच्या दृष्टीने तो दुर्मिळ नसतो. त्याचे सारे आयुष्यच त्या वेळी पणाला लागलेले असते.

पहिला अनुभव माझ्या चुकीचा आहे, म्हणून तोच आधी सांगतो. सोनोग्राफी तालुक्याच्या गावी पोहोचण्यापूर्वीचे ते दिवस. एके रात्री एका तरुणाला बैलगाडीतून रुग्णालयात आणले. बेंबीभोवती सुरू झालेली वेदना सरकून पोटाच्या खालच्या डाव्या बाजूस स्थिरावली होती. ताप होता, उलट्या होत होत्या. हेच दुखणे उजव्या बाजूस असते, तर शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेही आंत्रपुच्छाचा, म्हणजे आपल्या परिचयाच्या अपेंडिक्सचा दाह, असे निदान केले असते. परंतु वेदना डावीकडे. म्हणून मी मूतखडा असावा असे ठरविले. छातीची क्ष-किरण प्रतिमा काढली होती. ती पाहताना हृदयाची सावली उजवीकडे दिसली. फिल्म उलटी लागली असे समजून मी ती स्वतःच्या हाताने 'सुलटी' केली. कोपऱ्यातील शिशाच्या खुणेचे अक्षर त्यामुळे उलटे दिसू लागले, याकडे मी लक्ष दिले नाही.

त्या तरुणाची आई दाराशी बसली होती. ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, याच्या छातीवर हात ठेवला की लहानपणापासून याचं काळीज उजव्या अंगाला धडधडतं." मी दमलेला होतो. "आजी, बरं बरं, सकाळी बघू," असे म्हणून मी औषध लिहिले आणि झोपावयास गेलो.

पहाटे परिचारिकेने उठविले. पोट लाकडासारखे कडक झाले होते. तेव्हा प्रथमच मी स्टेथोस्कोप छातीच्या उजव्या बाजूस ठेवला, आणि हृदयाचे ठोके तेथे स्पष्ट ऐकू आले. पोट उघडल्यावर फुटलेले आंत्रपुच्छ डावीकडे सापडले. यकृत डावीकडे, प्लीहा उजवीकडे. साऱ्या अवयवांची मांडणी आरशातील प्रतिबिंबासारखी होती. वैद्यकशास्त्रात या स्थितीस 'सायटस इन्व्हर्सस' म्हणतात. साधारणतः दहा हजार माणसांमागे एकाच्या आसपास ती आढळते. अशी पुष्कळ माणसे निरोगी, दीर्घ आयुष्य जगतात. आपले अवयव उलट बाजूस आहेत हे त्यांना ठाऊकही नसते.

तो तरुण वाचला. पण त्यासाठी त्याला तीन आठवडे खाटेवर काढावे लागले. ते दिवस त्या रोगामुळे गेले असे मी कधीच म्हटले नाही. ते माझ्या अहंकारामुळे गेले. अचूक निदान मला एका निरक्षर मातेने रात्रीच सांगितले होते.

दुसरी हकीकत इतिहासातील आहे. १७३५ साली लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात क्लॉडियस अमियांड यांच्याकडे अकरा वर्षांचा एक मुलगा आला. त्याला अंतर्गळ, म्हणजे हर्निया होता आणि त्यातून मांडीवर वाहणारी जखम झाली होती. शस्त्रक्रिया करताना अंतर्गळाच्या पिशवीत आंत्रपुच्छ सापडले. मुलाने कधीतरी गिळलेली टाचणी त्याला भोक पाडून बसली होती. अमियांड यांनी ते काढून टाकले. आंत्रपुच्छ काढण्याची नोंदलेली पहिली यशस्वी शस्त्रक्रिया ती हीच. भूल देण्याची विद्या त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी आली. म्हणजे त्या बालकाने सुमारे अर्धा तास सारे शुद्धीवर राहून सोसले. अंतर्गळात आंत्रपुच्छ आढळले की आजही आम्ही त्यास अमियांड यांचे नाव देतो. एका वृद्ध शेतकऱ्याच्या शस्त्रक्रियेत मलाही ते दिसले. ते निरोगी होते, म्हणून जागच्या जागी परत ठेवले आणि अंतर्गळ दुरुस्त केला. हाती सापडले म्हणून काढून टाकणे, हे शल्यकर्म नव्हे.

तिसरा अनुभव मनाला आजही अस्वस्थ करतो. तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलीच्या पोटात कठीण गोळा लागत होता. जेवण जात नव्हते, वजन उतरत होते. घरच्यांनी कर्करोगाचा धसका घेतला होता. जठर उघडले तेव्हा आत केसांचा पुंजका निघाला. काळा, घट्ट, हुबेहूब जठराच्या आकाराचा. त्याची शेपटी लहान आतड्यात उतरली होती. केस ज्या प्रथिनाचे बनलेले असतात, ते आपले जठर पचवू शकत नाही. ते साचत जातात व एकमेकांत गुंततात. शेपटीसह आढळणाऱ्या अशा गोळ्यास १९६८ पासून लांब केसांच्या परीकथेतील रॅपुन्झेलचे नाव दिले गेले आहे. नाव गोड आहे, दुखणे गोड नाही.

गोळा काढला, मुलगी जेवू लागली. नातेवाईक आभार मानून निघाले होते. तेव्हा मी तिला विचारले, "बाळ, केस का खात होतीस?" ती बराच वेळ गप्प राहिली; मग म्हणाली, "आई गेल्यावर झोप येत नव्हती." आई जाऊन दोन वर्षे झाली होती. उशीवरचे केस, वेणीची टोके तिच्या तोंडात जाताना घरात सर्वांनी पाहिले होते. कोणी रागावले, कोणी लाजेने झाकले. विचारले मात्र कोणीच नव्हते. मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठविले. "मुलगी वेडी ठरेल, लग्न कसे जमेल," असे म्हणत वडील प्रथम तयार नव्हते. त्यांना मी इतकेच म्हणालो, "माझ्या सुरीने गोळा कापला; त्याचे कारण सुरीने कापता येत नाही. ते राहिले, तर गोळा पुन्हा होईल." अखेर ते तयार झाले. उपचार चालू राहिले, आणि गोळा पुन्हा झाला नाही.

शेवटी आपल्याच प्रांतातील एक गोष्ट. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठी शेतकरी टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ एका कारागिराने त्याला नवे नाक बसविले. मेणाचा पातळ नमुना घेऊन कपाळाची तेवढी त्वचा आखली, कापली, भुवयांमधील एक भाग जोडलेला ठेवून ती खाली वळविली आणि कात लावून बसविली. ही शस्त्रक्रिया पाहिलेल्या इंग्रज डॉक्टरांच्या साक्षीने तिचा वृत्तांत १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये छापला गेला. तो वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली आणि युरोपात या विद्येचे पुनरुज्जीवन झाले. सुश्रुतसंहितेत नासासंधान सांगितलेले आहेच. परंतु त्या वृत्तांतात रुग्णाचे नाव आहे. नाक बसविणाऱ्याचे नाव मात्र नाही. तो वीटभट्टीवाल्यांच्या जातीचा होता, एवढीच नोंद आहे. मोठ्या विद्या पुष्कळदा अशा निनावी हातांनी सांभाळलेल्या असतात, याचे आम्हा पदवीधरांना विस्मरण होऊ नये.

बंधू-भगिनींनो, या साऱ्यांतून आपण घरी काय न्यावे? तीनच गोष्टी सांगतो. डॉक्टरांना सारे सांगा; क्षुल्लक वाटणारी, लाज वाटणारी गोष्टही सांगा, आणि त्यांनी ऐकले नाही तर पुन्हा सांगा. जुने अहवाल, फिल्म, शस्त्रक्रियेचे कागद जपून ठेवा. शरीरात काही वेगळेपण असेल तर ते लिहून जवळ बाळगा. आणि घरातील मूल विचित्र वागू लागले, तर रागावण्यापूर्वी त्याच्याजवळ बसा.

त्या रात्रीनंतर रुग्णाचा कोणी नातेवाईक बोलू लागला की मी हातातील लेखणी खाली ठेवतो. ही सवय मला कोणत्याही ग्रंथाने लावली नाही. त्या माउलीने लावली. तिचे ऋण मी आपणासमोर मान्य करतो.