माळव्याचे जहाज

आपल्या माळव्याला समुद्र नाही, पण जहाज आहे! मांडूचा जहाज महाल मुंज आणि कपूर तलावांच्या मधोमध उभा. पावसाळ्यात तलाव भरले, की तो तरंगतोय असेच वाटते. आमची ही गेल्यावर मी धारहून एकटाच तिथे गेलो. गच्चीवर बसलो. पाण्यावरून वारा आला आणि प्रथमच एकटेपण बोचले नाही.

तेव्हा कुमार गंधर्व आठवले. १९४८ साली क्षयाने आजारी होऊन ते देवासला आले; कित्येक वर्षे गाणे बंद. त्या काळात त्यांनी माळवी लोकगीते ऐकली. पुढे तीच त्यांच्या गायनात उमटली.

म्हणून सांगतो, एकट्या माणसाला आरतीला जरूर बोलवा. पण कधी त्याला त्याच्या तलावाकाठी निवांत बसूही द्या.